नऊ नंबरची दाढ

४ फेब्रुवारी, मंगळवार

चौतीस वर्षं मी लोकांना ‘आ करा’ म्हणत आलो. आज पहिल्यांदा असा पेशंट हातात आला ज्याला तसं सांगावं लागलं नाही.

दवाखाना बंद करून अकरा महिने झाले. घरी बसून मी कपाटांच्या कड्या दुरुस्त करायला घेतल्या होत्या आणि बायको माझ्या मागून त्याच कड्या पुन्हा दुरुस्त करत होती. अशात गेल्या आठवड्यात फोन आला. पलीकडून एक बाई म्हणाली, “डॉक्टरकाका, ओळखलंत का? लहानपणी तुम्ही माझे चार दात काढले होते.” मी म्हणालो, “मग कशी ओळखणार? दात असते तर ओळखलं असतं.” ती खळखळून हसली.

आता ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. मी तिला बाई म्हणतो, आणि तिच्याच हट्टापायी अगं-तुगं करतो. गावाबाहेर पाण्याच्या टाकीसाठी खणताना साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या अकरा कबरी सापडल्या आहेत. ही माणसं जन्मली कुठे, वाढली कुठे, हे ती त्यांच्या दातांवरून काढणार आहे. त्यासाठी दाताच्या एनॅमलची चिमूटभर पूड लागते. ड्रिल चालवणारा माणूस नोकरी सोडून गेलाय. “हात दातांना सरावलेला हवा, काका,” म्हणाली.

तिने फळ्यावर समजावून सांगितलं. प्रत्येक जागच्या खडकात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू असतो. त्याचे हलके आणि जड असे प्रकार असतात, आणि त्यांचं प्रमाण खडकागणिक वेगळं. खडकाची माती होते, मातीतून ते पाण्यात आणि धान्यात उतरतं, आणि जे मूल ते पाणी पितं त्याच्या दातात जाऊन बसतं. हाडं आयुष्यभर झिजतात, भरतात, आणि पुरल्यावर भोवतालच्या मातीचं शोषून घेतात, म्हणून त्यांच्यावर भरवसा नाही. एनॅमल मात्र लहानपणी एकदा बनलं की बनलं.

हे मला कुणी नवीन सांगायला नको. ‘एनॅमल परत येत नाही’ असं मी दिवसाला दहा जणांना दटावत होतो. पण ते परत येत नाही म्हणूनच त्यात लहानपण जसंच्या तसं राहतं, हे माझ्या डोक्यात चौतीस वर्षांत एकदाही आलं नाही. किती हजार लहानपणं मी भोकं पाडून चिनीमातीच्या थुंकदाणीत धुऊन टाकली असतील.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी चिरत होती. सुरी थांबवून म्हणाली, “म्हणजे आपल्या मुलीच्या दातात आपल्या नळाचं पाणी आहे? ती एवढी लांब जाऊन राहिली तरी?” मी म्हणालो, हो. मग हिची सुरी पुन्हा चालू झाली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज तीन नंबरचा दात घेतला. तरुण पुरुष, पहिली दाढ. वरचा मळकट थर काढला तर खाली पांढरंशुभ्र, ओलं वाटावं असं एनॅमल. हात क्षणभर थांबलाच. ज्याने हा दात घासला असेल, नसेल, त्याच्यानंतर त्याला बोट लावणारा मी पहिला.

पूड उडाली तशी बाईने नाकाला रुमाल लावला. “जळक्या केसांसारखा वास येतोय.” मला काहीच आला नाही. इतक्या वर्षांत तो वास माझ्या नाकाच्या सवयीचा झाला असेल. हे तिला सांगितलं तर म्हणाली, “नशीबवान आहात.”

यंत्र चालवणारा गृहस्थ पन्नाशीचा आहे. आधी शाळेत शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याचं यंत्र खोलीभर आहे आणि खोलीत तो कुणाला मोठ्याने बोलू देत नाही. टाकीच्या जागेभोवती फिरून त्याने गोगलगाईंचे शंख गोळा केलेत. गोगलगाय गाव सोडून जात नाही, म्हणून तिचा आकडा तो इथला आकडा. माणसाच्या दाताचा आकडा त्याच्याशी जुळला तर माणूस इथला. न जुळला तर पाहुणा.

“आणि पाहुणा आला कुठून ते?” मी विचारलं.

“ते मग नकाशा पुढ्यात घेऊन डोकं खाजवायचं,” मास्तर म्हणाला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काम झकास चाललंय. डाव्या हाताची एक गंमत झालीय. रिकामा असला की मांडीवर पडल्या पडल्या अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत बसतो, गोळ्या वळल्यासारखा. दात धरायला दिला की एकदम शहाणा. कामाची सवय, दुसरं काय. अकरा महिने बसून काढल्यावर हातालाही चैन पडत नसणार.

हिला अलीकडे नवनव्या लहरी येतात. कपबशा माळ्यावर टाकून मोठ्या कानाचे जाड मग आणलेत. सकाळी निघताना माझ्या शर्टाची बटणं स्वतः लावते. मी म्हणालो, “म्हातारपणी प्रेम उतू चाललंय का?” तर म्हणाली, “तुम्हाला उशीर होतो म्हणून.” आणि मुलीशी फोनवर बोलताना मी खोलीत गेलो की विषय बदलतात. माझ्या वाढदिवसाचं काहीतरी शिजत असावं, पण तो तर ऑगस्टमध्ये आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज नऊ नंबर.

इतके दिवस ट्रेवरचं कापड उचललं नव्हतं. म्हातारी बाई आहे, साठीच्या पुढची, त्या काळात म्हणजे फारच. मांडीचं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं. तोंडात एकच दाढ, खालच्या जबड्यात डावीकडे अगदी मागे. अक्कलदाढ. माथा झिजलाय, पण बाजूचं एनॅमल शाबूत आहे.

बाई म्हणाली, “काका, हिचं जे आहे ते एवढंच. चुकलं तर दुसरा दात नाही.”

मी दार बंद करायला सांगितलं. डावीकडे चिमट्यात दाढ, उजवीकडे ड्रिल, मध्ये भिंग. माथ्याजवळचं जरासं एनॅमल खरवडलं. अक्कलदाढेचा माथा साधारण आठव्या-नवव्या वर्षी बनायला लागतो. म्हणजे त्या चिमूटभर पांढऱ्या पुडीत आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने प्यालेलं पाणी होतं. तहान लागली म्हणून ओंजळीने प्यालेलं. मी श्वास रोखून धरला होता, पूड उडेल म्हणून, आणि दुसऱ्याही कशाने तरी.

एक नंबरचीही पूड आजच घेतली. त्याचे दात भरपूर आहेत. उंचापुरा पुरुष, उशाशी भाल्याचं तांब्याचं पातं मिळालं. चिठ्ठ्या छापायचं यंत्र बिघडल्यामुळे नळ्यांवर आकडे हाताने लिहिले. मास्तर नळी उजेडात धरून म्हणाला, “डॉक्टर, हा आकडा आहे की मुंगी?” मी म्हणालो, नळी करंगळीएवढी, तर अक्षर काय पाटीएवढं काढू?

हीसुद्धा परवा सामानाच्या यादीवरून तेच म्हणाली. या वहीची मागची पानं उलटून बघितली. जानेवारीत एका पानावर अठरा ओळी आहेत, आता तीस. कागद वाचतोय, चांगलंच आहे.

१४ मार्च, शुक्रवार

आकडे आले. अकरापैकी दहा जण इथले, गोगलगाईंशी तंतोतंत जुळणारे. एक जण पाहुणा, आणि थोडाथोडका नाही. मास्तर दोनदा यंत्र तपासून आला. असा खडक इथून जवळात जवळ म्हटलं तरी डोंगरांच्या पलीकडे, चालत निघालं तर वीस-बावीस दिवसांवर.

पाहुणा म्हणजे एक नंबर. भालेवाला.

बाई खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत राहिली. तीन वर्षं ती अशा एका माणसाच्या मागावर होती. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खाली रस्त्यावर लोक पिशव्या घेऊन चालले होते, कोणी सायकल पुसत होता, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या तोंडात कुठला ना कुठला डोंगर होता, कुठली तरी विहीर. मला त्यांच्याकडे बघवेना आणि नजरही हटेना.

१९ मार्च

वर्तमानपत्रात आलं. ‘डोंगरांपलीकडचा योद्धा’ असं मोठं शीर्षक, पात्याचं छायाचित्र. आमच्या गल्लीतला न्हावी मला म्हणाला, “डॉक्टर, तुमचा भालेवाला इकडे आला तो लढायला की पोरगी बघायला?” दिवसभर मी हवेत.

२४ मार्च, सोमवार

आज बाईने विद्यापीठात भाषण दिलं. सभागृह भरलेलं. ही पण आली होती, माझ्या शेजारी. पडद्यावर एकेक चित्र येत होतं आणि मध्येच एक नळी आली, माणसाएवढी मोठी होऊन. माझ्या अक्षरातला आकडा तिच्यावर. बाई म्हणाली, “हीच ती एक नंबरची पूड.”

मी बघत राहिलो. वर गोल होता की नुसताच वाक? शेपटी होती, पण कुठल्या बाजूची? तो एक होता की नऊ, हे मला सांगता येईना. आकडा मी लिहिलेला, आणि मलाच वाचता येईना.

हिने माझ्याकडे पाहिलं नाही. पण माझा डावा हात तिने दोन्ही हातांत धरून ठेवला होता, भाषण संपेपर्यंत.

२६ मार्च

कुणालाही काही बोललो नाही. बाईचा फोन आला होता, मोठ्या परिषदेचं बोलावणं आलंय तिला. अभिनंदन केलं. स्वतःला सांगतोय की एकच असेल. त्या दिवशी आधी एक नंबर घेतला होता की आधी नऊ? आठवत नाही. दोन्ही नळ्या शेजारशेजारच्या खाचांत ठेवल्या होत्या एवढं आठवतं.

२७ मार्च, गुरुवार

हिचं डोकं बरेच दिवस दुखतंय म्हणे. नसांच्या डॉक्टरकडे वेळ घेतली होती, सोबत गेलो. डॉक्टर तरुण, शांत मुलगी. हिला दोन प्रश्न विचारले आणि माझ्याकडे वळली. “काका, जरा दारापर्यंत चालून दाखवता?” चाललो. “बोटं अशी आपटून दाखवा. आता एक वाक्य लिहा. कॉफीचा वास येतो का हो तुम्हाला सकाळी?”

मी हिच्याकडे पाहिलं. ही जमिनीकडे बघत होती. हिचं डोकं दुखत नव्हतं.

आजाराचं नाव डॉक्टरने सांगितलं, कंपवात. मला माहीत होतं ते, पुस्तकात वाचलेलं, पेशंटमध्येही पाहिलेलं. आता गोळ्यांनी बराच फरक पडेल, वर्षानुवर्षं माणसं नीट जगतात, असं ती म्हणाली आणि ते खरंच आहे. हाताच्या बारीक कामाचं विचारलं. ती म्हणाली, “ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.”

घरी येताना हिला म्हणालो, “कधीपासून?”

“दिवाणखान्यातल्या घड्याळाला किल्ली देताना तुमच्या हातून ती तीनदा पडली, तेव्हापासून. वर्ष झालं.”

“आणि बोलली नाहीस?”

“तुम्ही बोलला नाहीत,” ही म्हणाली.

मुलीला यातलं काही कळवायचं नाही, असं बजावलं. ही फक्त ‘बरं’ म्हणाली. इतक्या पटकन ऐकेल असं वाटलं नव्हतं.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी नळीचं सगळं हिला सांगितलं. म्हटलं, सोमवारी बाईशी बोलतो. ही उठून चपला घालायला लागली. “सोमवारी नाही. आत्ता.”

बाई तिच्या खोलीत एकटीच होती. मी उभ्यानेच सांगितलं. माझं अक्षर, एक आणि नऊ, दोन्ही पुडी एकाच दिवशी घेतलेल्या, कुठली कुठली ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आजाराचं मी बोललो नाही. ते सांगितलं असतं तर दया मागितल्यासारखं झालं असतं. पण ही मागून शांतपणे म्हणाली, “त्यांच्या हाताला आजार आहे. कालच कळलं.”

बाईचा चेहरा आधी पांढरा पडला. मग ती उठली, आम्हाला दोघांनाही बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

“काका, तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कधीच कळलं नसतं.”

“मला कळलं होतं,” मी म्हणालो.

तिने वर्तमानपत्राला आमच्यासमोरच फोन लावला. तिकडचा माणूस काय बोलत होता ते ऐकू आलं नाही, पण ती तीन वेळा ‘हो, चूक आमच्या प्रयोगशाळेची’ म्हणाली. माझं नाव तिने घेतलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

एक नंबरच्या दुसऱ्या दाताची पूड बाईने स्वतः घेतली, वेडीवाकडी का होईना. त्याचे दात भरपूर आहेत, एखादा बिघडला तरी चालतो. आज आकडा आला. भालेवाला इथलाच. टाकीच्या मैदानाचा, गोगलगाईंचा सख्खा शेजारी.

म्हणजे डोंगरांपलीकडून आली ती म्हातारी.

आम्ही चौघं, ही धरून, म्हातारीच्या ट्रेभोवती उभे राहिलो. मास्तरने यंत्राच्या खोलीचं दार आपण होऊन बंद केलं, आवाज येऊ नये म्हणून. वाकड्या मांडीची, बोळक्या तोंडाची, जिच्या उशाशी मातीच्या वाडग्याखेरीज काही निघालं नाही, आणि जिच्याकडे आम्ही कुणी दोनदा पाहिलं नव्हतं.

पण अंदाजावर लिहिता येत नाही. त्या दाढेची पूड पुन्हा घ्यावी लागणार, आणि या वेळी तीन ठिकाणची. माथ्याजवळ, मध्ये आणि मानेशी. मानेजवळचं एनॅमल तेराव्या-चौदाव्या वर्षी पुरं होतं. तीन आकडे मिळाले तर ती कधी आली हेही कळेल. उरलेलं एनॅमल जेमतेम तेवढंच आहे. मे संपायच्या आत सगळे सांगाडे संग्रहालयाच्या कोठारात जायचेत, तिथून पुन्हा बाहेर यायला वर्षं लागतील. बाई म्हणाली, “माझा हात त्या दाढेला लावायची माझी हिंमत नाही.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणालो. गोळ्यांनी थरथर कमी झालीय, पण बोटं उशिरा ऐकतात. मी मेंदूत ‘थांब’ म्हणतो आणि ड्रिल अर्ध्या सेकंदाने थांबतं. ती दाढ अर्धा सेकंद देऊ शकत नाही.

तेव्हा ही म्हणाली, “मी करू का?”

११ एप्रिल, शुक्रवार

खरं लिहायचं तर मला आधी राग आला होता. ही दवाखान्यात चौतीस वर्षं माझ्या शेजारी उभी होती, पण सामान हातात द्यायला, सिमेंट कालवायला. ड्रिल हिने कधी धरलं नाही. परवाना नव्हता. बाईला हे मी सांगितलंसुद्धा. बाई म्हणाली, “या पेशंटला परवाना लागत नाही, काका.”

दवाखान्याची एक बरणी अजून माळ्यावर आहे, काढलेल्या दातांची, शिकायला येणाऱ्या मुलांसाठी ठेवलेली. ती उतरवली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिवा, भिंग, जुनं ड्रिल. ही चष्मा लावून बसली. मी सांगायला लागलो, “आधी कोन बघ, मग…” तोवर हिचा कोन झाला होता. मी म्हणालो, “आता पाणी…” तर पाणी आधीच सोडलेलं. पहिला दात बिघडला. दुसरा बिघडला. तिसऱ्यावर हिने केसाएवढी रेघ ओढली आणि मान वर करून म्हणाली, “तुम्ही इथे नेहमी जरा जास्त दाबायचात.”

चौतीस वर्षं हे हिला दिसत होतं.

“मग सांगितलं का नाहीस?”

“पेशंटसमोर?” ही म्हणाली.

७ मे, बुधवार

बरणीतले एकशे बारा दात संपले. शेवटचे चाळीस मी नुसते बघत होतो. हिच्या हाताला घाई नाही, भीती नाही आणि दिखावाही नाही. पुस्तकात ज्याला हात म्हणतात तो हा हात, आणि तो माझ्या घरात कणीक मळत होता, कड्या दुरुस्त करत होता, माझी बटणं लावत होता. मला आत कुठेतरी लाज वाटते आणि त्याहून जास्त अचंबा वाटतो. हे हिला सांगावंसं वाटलं. “बरं जमतंय,” एवढंच बोललो.

८ मे, गुरुवार

सकाळी दहा वाजता. खोलीत आम्ही चौघं आणि नऊ नंबर.

हिने हात धुतले, मोजे घातले, दाढ चिमट्यात धरली आणि ड्रिल सुरू करायच्या आधी एक क्षण वाकून तिला काहीतरी म्हणाली. पेशंटला म्हणायची तेच असणार, ‘झालं हं आता’ वगैरे. दवाखान्यात मला ते कधी ऐकू यायचं नाही, आजही आलं नाही.

पहिली पूड. दुसरी. मानेशी एनॅमल कागदासारखं पातळ होतं, त्याच्या लगेच खाली पिवळा भाग, आणि तो मातीने बाटलेला. त्याला टोक लागलं असतं तर सगळं वाया. मी भिंगातून बघत होतो. मला ‘थांब’ म्हणायचं होतं, त्याच्या नेमकं आधी ड्रिल थांबलं.

तिसरी पूड नळीत पडली. चिठ्ठ्यांचं यंत्र दुरुस्त झालंय, आकडे छापील होते. ही खुर्चीला टेकली आणि म्हणाली, “कुणीतरी चहा करा.” मास्तरने आयुष्यात पहिल्यांदा यंत्राच्या खोलीत चहा येऊ दिला.

२७ मे, मंगळवार

आकडे आले.

माथा: डोंगरांपलीकडचा खडक. पहिल्या पुडीइतकाच, शंका घ्यायला जागाच नाही. मध्य: धड तिकडचा नाही, धड इकडचा नाही. मान: इथला. गोगलगाईंचा आकडा.

म्हणजे नवव्या वर्षी ती तिकडचं पाणी पीत होती आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी इथलं. मधल्या वर्षांत कधीतरी ती बावीस दिवस चालली. कुणाच्या पाठीवर, कुणाचं बोट धरून, की दोरीला बांधलेली, हे दात सांगत नाही. मास्तरने तीन आकडे एका रेघेवर मांडले. रेघ वरून खाली उतरत होती. एवढीशी रेघ. बाईने तिच्यावर बोट ठेवलं आणि उचललंच नाही.

मला वाटत होतं, मोठं काही कळलं की माणसाला बोलावंसं वाटतं. तसं नाही. आम्ही चौघं जण ती रेघ बघत इतका वेळ उभे होतो की पडद्यावरचा उजेड आपोआप विझला.

३० मे, शुक्रवार

उद्या गाडी येणार, सांगाडे कोठारात जाणार. बाईने निरोप घ्यायला बोलावलं. अहवाल जवळजवळ लिहून झालाय. तिने विचारलं, “काका, म्हातारीबद्दल अजून काही?”

मी म्हणालो, जबडा बघू दे. इतके दिवस मी त्या एका दाढेकडेच बघत होतो. जबडा मी हातात घेतला नाही, हिने धरला, उजेडात हवा तसा फिरवून दाखवला. आणि मी बघितलं, जसं चौतीस वर्षं रोज बघत होतो, ड्रिल हातात घ्यायच्या आधी.

“जबडा खाली ठेव, लिहून घे,” मी हिला म्हणालो. “बाकीच्या दातांच्या जागा पूर्ण भरून गेल्यात. हाड झिजून गुळगुळीत झालंय, धारदार कड कुठेच नाही. हे दात मरताना पडलेले नाहीत, कितीतरी आधी पडलेत. पंधरा वर्षं तरी. जास्तच. आणि वरचा जबडा बघ. या दाढेसमोर काहीच नाही. म्हणजे ही दाढ असून नसल्यासारखी. त्या वेळच्या धान्याचा एक दाणाही हिला चावता येत नव्हता.”

बाई म्हणाली, “मग ती जगली कशी?”

“मांडी मोडलेली, म्हणजे पाट्याशी बसणं नाही, कुटणं नाही. कुणीतरी रोज तिच्यासाठी वेगळं कुटून, भिजवून, मऊ करून देत होतं. पंधरा वर्षं. ती भुकेने मेलेली नाही, हाडं चांगली भरलेली आहेत.”

खोलीत नुसता हिच्या पेनाचा आवाज. मग तोही थांबला.

“डोंगरांपलीकडची म्हातारी,” ही हळूच म्हणाली. “आणि दिवसातून दोनदा तिच्यासाठी वेगळं.”

बाईने डोळे पुसले नाहीत, पाणी येऊ दिलं. “हे माझ्या यंत्राला कधी कळलं नसतं, काका. ती आली कुठून ते त्याने सांगितलं. ती इथे कशी राहिली ते तुम्ही.” मास्तरने, यंत्राची निंदा होत असूनही, मान डोलावली.

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. डावा हात खिशात होता, वळत होता आपल्या गोळ्या. वळू दे म्हटलं.

“गाडी उद्या दुपारी येणार,” बाई म्हणाली. “उरलेले दहा जबडेही बघाल का? आज जमेल?”

मी हिला विचारायला वळलो. ही आधीच दुसरा ट्रे उचलायला उठली होती.